एकमेव पुरवठादार

रत्नाकर लांजेवारांनी आयुष्यात कुठलीही वस्तू तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय घेतली नव्हती. फ्रीज तिसऱ्या दुकानातला, चष्म्याची फ्रेम तिसऱ्या दुकानातली, आणि दाढदुखीने जीव कासावीस झालेला असतानाही दोन दंतवैद्यांना नुसतं तोंड उघडून दाखवून ते तिसऱ्याकडे गेले होते. चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांचं लग्न झालं नाही याचं कारण हेच, असं त्यांच्या आईचं स्पष्ट मत होतं. "हा तिसरी पोरगी पाहून येईस्तोवर पहिलीच्या लेकराच्या बारशाचं बोलावणं येते," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

अशा माणसाला सरकारने नोकरी कोणती द्यावी? तर 'इथे तीन ठिकाणी चौकशी करून उपयोग नाही' असं सरकारलाच लेखी पटवून देण्याची.

नागपुरात अमरावती रोडवर अंतराळ संरक्षण खरेदी विभागाचं ऑफिस होतं. लष्कराच्या उपग्रहांना लागणारं सगळं, म्हणजे यंत्रं, प्रणाली आणि ती चालवणारी अक्कल, तिथून विकत घेतली जाई. नियम साधा होता. निविदा काढायची, चार कंपन्यांना बोलवायचं, त्यांतली बरी निवडायची. पण काही कामं अशी असतात की ती अख्ख्या देशात एकालाच जमतात. तिथे निविदा न काढता थेट त्यालाच काम देता येतं. फक्त एका अधिकाऱ्याने आधी लिहून द्यावं लागतं, की मी प्रामाणिकपणे शोध घेतला आणि या पुरवठादाराला पर्याय नाही. यालाच म्हणतात एकमेव पुरवठादार प्रमाणपत्र. त्यावर सही करणं म्हणजे ऑडिटवाल्यांना आपण होऊन घराचा पत्ता देणं. त्यामुळे सहीची वेळ आली की निम्म्या अधिकाऱ्यांच्या पाठीत उसण भरायची आणि उरलेल्यांच्या गावाकडे कोणीतरी आजारी पडायचं. राहता राहिले लांजेवार. ते खरोखरच शोध घेत, हैदराबाद-बंगळूर पालथं घालून येत, आणि खात्री पटली तरच सही करत. त्यांची एकही सही आजवर खोटी ठरली नव्हती. या गोष्टीचा त्यांना मनातून फार अभिमान होता, आणि तो असायलाही हवा.

या सह्यांमधली सर्वांत वजनदार सही होती डॉ. वैजयंती आष्टनकर यांच्या नावाची.

त्याचं असं झालं होतं, की देशाचे पहारेकरी उपग्रह म्हातारे होत चालले होते. कॅमेरे ठणठणीत, बाकी यंत्रं ठणठणीत, फक्त जागा बदलायला लागणारं इंधन संपत आलेलं. प्रत्येकाच्या जागी नवा सोडायचा तर वर्षं जाणार. त्यापेक्षा जुन्यांनाच वर जाऊन इंधन भरावं, म्हणून मोठी टाकी घेऊन फिरणारं एक यान आकाशात सोडलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव 'कक्षीय इंधन वितरण यान' असं भारदस्त होतं. ऑफिसात सगळे त्याला वाढपी म्हणत. उपग्रहांच्या पंगतीतून जात एकेकाला वाढायचं, दुसरं काय!

अडचण एवढीच होती की अंतराळात पोट भरलं की नाही ते कळत नाही. आपल्याकडे टाकीतलं इंधन तळाशी बसतं, वर हवा राहते, काटा पाहिला की झालं. तिथे वस्तूंना वजन जाणवत नाही, त्यामुळे टाकीला तळही नाही आणि वरही नाही. इंधन भिंतींना चिकटून बसतं, वायूचा बुडबुडा मधेच कुठेतरी तरंगत राहतो. नेमकं मापकाभोवती इंधन जमलेलं असलं तर अर्ध्या रिकाम्या टाकीचा उपग्रह खुशाल कळवतो, 'पुरे, भरलो.' त्यावर विश्वास ठेवून नळी काढली तर तो थोड्याच दिवसांत उपाशी मरतो. विश्वास न ठेवता भरत सुटलं तर टाकी फुटते.

वैजयंतीबाईंची युक्ती ऐकायला सोपी होती. वाढप्याने नळी जोडायची आणि उपग्रहाला हलकासा धक्का द्यायचा. धक्क्याने आतलं इंधन डचमळतं. ते किती जोरात आणि किती वेळ डचमळतं, यावरून आत किती आहे त्याचा अंदाज येतो. अर्धवट भरलेली घागर कमरेवर घेऊन चालणाऱ्या बाईला येतो तसा. पण प्रत्येक उपग्रहाची डचमळण्याची तऱ्हा वेगळी, त्यात ती वयानुसार बदलणारी. बाईंनी हजारो धक्के स्वतः तपासून, हा खरा 'पुरे' आणि हा खोटा 'पुरे', असं एकेक करून वाढप्याच्या संगणकाला शिकवलं होतं.

"मी भंडाऱ्याची आहे," त्या सांगत. "आमच्याकडे लग्नात वाढायला घरचेच लोक असतात. पाहुणा ताटावर हात आडवा धरते, तेव्हा त्याचं पोट खरं भरलं का नुसता लाजून राहिला, हे मी परकरात होते तेव्हापासून ओळखते. उपग्रहही लाजतात, लांजेवार."

विनय नावाची चीज बाईंनी कधी पाळली नव्हती. "हे देशात मलाच येते," असं त्या 'चहात साखर कमी' म्हणाव्यात इतक्या सहज म्हणत. ऐकणाऱ्याला राग यायचा. नंतर चौकशी केल्यावर ते खरं निघायचं, आणि मग जास्तच राग यायचा.

लांजेवारांना मात्र राग आला नाही. पहिल्या वर्षी शोध घेण्यासाठी ते बाईंच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. बाईंनी डबा उघडून सांबारवडी, म्हणजे नागपुरी कोथिंबीरवडी, पुढे केली. लांजेवार संकोचून म्हणाले, "नको नको, पोट भरलं आहे." बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि आणखी दोन वड्या वाढल्या. लांजेवारांनी सकाळपासून खरोखरच काही खाल्लं नव्हतं. घरी परतताना त्यांना वाटलं, आयुष्यात प्रथमच कोणीतरी आपल्याला बरोबर ओळखलं. तरीही नियम म्हणजे नियम. त्यानंतर महिनाभर ते देशभर पर्याय शोधत हिंडले, तो मिळाला नाही, मगच त्यांनी सही केली. एवढा आनंद त्यांना कुठल्याही अपयशाने दिला नव्हता.

दर वर्षी नवं प्रमाणपत्र लागे. तिसऱ्या वर्षीची सही वाळल्यावर त्यांनी बाईंना लग्नाचं विचारलं.

"घाई नाही," ते म्हणाले. "इतरत्रही चौकशी करून घ्या."

"मला नाही करावी लागत चौकशी," बाई म्हणाल्या. "हो म्हणून टाकलं."

आईने त्याच संध्याकाळी हलवायाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांजेवार विभागप्रमुख भुसारी यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं; पण हा माणूस लपवाछपवीचा नव्हेच. भुसारींनी आधी अभिनंदन केलं, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे पुरवठादार तुमची बायको होणार. मग पुढचा पाच वर्षांचा करार आहे, त्याची सही तुम्हाला नाही करता येत."

"दुसरं कोणीतरी करेल, साहेब."

भुसारींनी काचेतून बाहेरच्या हॉलकडे पाहिलं. बातमी तिथे पोचली असावी, कारण दोघेजण आत्ताच पाठ धरून उभे होते. "कोण?" भुसारींनी विचारलं.

"मग माझी बदली करा."

"बदली करायला तुमच्या जागी माणूस लागते. लांजेवार, तुम्हाला पर्याय नाही हो!" भुसारी कळवळून म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे झुकले. "एक मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या, की शोध घेताना माझ्याकडून थोडी चूक झाली, पर्याय असू शकतो. करार रद्द. पुण्याची ती अचूक सिस्टिम्स कधीची मागे लागून राहिली, तिला काम देऊन टाकू. तुम्हाला एक मेमो मिळेल, वर्षभराने सगळे विसरतील. करा लग्न."

"पण चूक झाली नाही."

"लग्न करायचं आहे ना?"

"आहे."

"मग?"

"खोटं कसं लिहू, साहेब? त्यांच्यासारखं दुसरं कोणी नाहीच."

भुसारींनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की आता चाचणी. अचूक सिस्टिम्सचं 'परिमित' नावाचं यान आकाशात तयारच होतं. त्याने प्रहरी-नऊ या उपग्रहात इंधन भरून दाखवावं. भरता आलं, तर पर्याय आहे असं ठरेल, बाईंचा करार जाईल, आणि लांजेवारांनी आजवर प्रेमात पडून सह्या केल्या का याची चौकशी लागेल. भरता आलं नाही, तर बाई एकमेव, सही लांजेवारांचीच, आणि लग्न पाच वर्षं लांबणीवर.

संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावर लांजेवारांनी हे सगळं बाईंना सांगितलं. बाई आधी भडकल्या. "पुणेवाले भरतील? एकदा विचारतील, तो नको म्हणेल, की हे नळी गुंडाळून घरी!" मग त्या काठावर खाली बसल्या. "ते हरावेत असंच वाटून राहिलं मला, खरं सांगते. आणि ते हरले की तुम्ही पाच वर्षं गेले. तोवर आपण पन्नाशीला येऊ." लांजेवारांना रडूच आलं, पण आजूबाजूला कणीस खाणारी मंडळी होती म्हणून त्यांनी ते आवरलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी लांजेवार टेकडीच्या गणपतीला गेले. हात जोडले, डोळे मिटले, पण मागायचं काय तेच ठरेना. परिमित जिंकलं तर नाव जातं, हरलं तर बायको जाते. मागची रांग ढकलायला लागली. शेवटी 'नियमानुसार योग्य ते व्हावं' एवढंच पुटपुटून त्यांनी प्रसाद घेतला.

नियंत्रण कक्ष माणसांनी भरला होता. अचूक सिस्टिम्सचे डॉ. केतकर इस्त्रीचा शर्ट घालून मुख्य खुर्चीत बसले होते. वैजयंतीबाई आणि लांजेवार निरीक्षक म्हणून मागच्या भिंतीशी उभे होते. निरीक्षकांनी तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता.

"आमचं यान धक्काबुक्की करत नाही," केतकरांनी सर्वांना समजावलं. "उपग्रहाला विचारतं, उपग्रह सांगेल तेवढं देतं. जास्त नाही, कमी नाही. शेवटी त्याला हवं किती हे त्याच्याइतकं दुसऱ्याला कसं कळणार?"

मोठ्या पडद्यावर परिमित हळूहळू प्रहरी-नऊपाशी गेलं. नळी अचूक जोडली गेली. इंधन वाहू लागलं. काही मिनिटांतच प्रहरी-नऊकडून संदेश आला, टाकी भरली. परिमितने विचारलं, नक्की? प्रहरी-नऊ म्हणाला, नक्की. पडद्यावर हिरवी पट्टी उमटली आणि टाळ्या पडल्या. केतकरांनी नळी काढायची आज्ञा टंकायला घेतली.

लांजेवारांनी शेजारी पाहिलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"उपाशी उठून चाललं ते," त्या पुटपुटल्या.

प्रहरी-नऊ उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांवर नजर ठेवून होता. हिवाळ्याआधी त्याला जागा बदलायची होती. अर्ध्या पोटी तो निम्म्या वाटेवरच थकणार, आणि तिथल्या खिंडींवर कोणाचंच लक्ष राहणार नाही, हे बाईंना कळत होतं.

"बोलू नका," लांजेवार हलक्या आवाजात म्हणाले. त्या क्षणी त्यांना लग्न आठवत नव्हतं, नोकरीही आठवत नव्हती. या बाईंचा तोरा मोडू नये एवढंच वाटत होतं. "तुम्ही सांगितलंत तर त्यांना जमेल. मग तुम्ही एकमेव राहणार नाही."

"माहीत आहे मला. माझं काम जाईल, तुमच्या सह्यांवर लोक बोटं ठेवतील. लग्नही होईल म्हणा, पण त्याच्यासाठी नाही बोलत मी. ते लेकरू उपाशी चाललं हो!"

आणि त्या पुढे सरसावल्या. "ओ केतकर! थांबा! नळी काढू नका."

"मॅडम, निरीक्षकांनी बोलायचं नाही असं ठरलं आहे."

"धक्का द्या त्याला."

"त्याने नको म्हटलंय."

"नको म्हटलं म्हणून तुम्ही उठून जाता? कोणाकडे वाढले तुम्ही? द्या धक्का!"

केतकरांनी भुसारींकडे पाहिलं. भुसारींनी छताकडे पाहिलं. केतकरांनी धक्का दिला. पडद्यावर एक रेघ वरखाली नाचू लागली, आणि नाचतच राहिली.

"पाहा कसं डचमळून राहिलं. अर्धी टाकी रिकामी आहे त्याची. वाढा अजून."

इंधन पुन्हा सुरू झालं. प्रहरी-नऊने पुन्हा पुरे म्हटलं. "लाजते आहे," बाई म्हणाल्या, "वाढा." पुन्हा धक्का, पुन्हा रेघ. आता ती जरा आळसावली होती. "अजून थोडं... अजून... बस! आता खरं भरलं." केतकरांचा हात थांबला. खात्री करायला प्रहरी-नऊचं छोटं इंजिन क्षणभर चालवून पाहिलं. भरल्या टाकीचा उपग्रह जड असतो, तेवढ्याच जोराने तो हळू हलतो. प्रहरी-नऊ अगदी जेवण अंगावर आलेल्या पाहुण्यासारखा सावकाश हलला.

या वेळी टाळ्या पडायला थोडा वेळ लागला, पण पडल्या त्या जोरात.

बाई तेवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या वैजयंती आष्टनकर कसल्या? त्यांनी आपला सगळा संग्रह, एकेका उपग्रहाच्या लाजण्याची तऱ्हा, केतकरांपुढे ठेवला.

"नको, नको, आमचं आम्ही शिकू," केतकर म्हणाले.

"घ्या हो."

"खरंच नको, मॅडम. तुमची इतक्या वर्षांची मेहनत आहे."

"घ्या म्हणते ना! माझा एकटीचा वाढपी किती ठिकाणी पुरणार? तुमच्या पंगतीत कोणी उपाशी राहायला नको."

केतकरांनी घेतलं. मग बाईंनी त्यांना डबाही खायला लावला. तिसऱ्या वाढीला त्यांचे डोळे भरून आले, ते तिखटाने की कशाने हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुसारींनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. व्हरांड्यातून येताना बाई एकच वाक्य बोलल्या होत्या, "आता मी पण चौघांतलीच एक." बाईंना चौघांतलं एक होण्याची सवय नव्हती.

"तर पर्याय निघाला," भुसारी म्हणाले. "मग तुमच्या त्या तीन सह्यांचं काय?"

"काल दुपारपर्यंत पर्याय नव्हता, साहेब. काल दुपारी तो बाईंनी स्वतः तयार केला, तुमच्यादेखत. माझ्या सह्या त्याच्या आधीच्या आहेत."

भुसारींनी यावर विचार केला. चौकशी लावायची तर त्या आदेशावर त्यांनाच सही करावी लागणार होती. "बरोबर आहे," ते घाईने म्हणाले. "चौकशीचं कारण दिसत नाही. आता खुली निविदा निघेल. बाई भरतील, केतकर भरतील, तुमचा संबंध उरणार नाही. फक्त शेवटचं एवढं लिहून द्या, की डॉ. आष्टनकर यांना पर्याय उपलब्ध आहे. मी म्हटलं, तुम्हीच शोध घेतला होता, तुम्हीच लिहिलेलं बरं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. वैजयंतीबाई खिडकीबाहेर पार्किंगकडे पाहू लागल्या. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

लांजेवारांनी पेन उचललं. एका ओळीच्या मजकुराला त्यांनी इतका वेळ घेतला की भुसारींचा चहा गार झाला. शेवटी त्यांनी कागद दिला आणि भुसारी मोठ्याने वाचू लागले.

"'उपग्रहांत इंधन भरण्याच्या कामापुरता डॉ. वैजयंती आष्टनकर यांना पर्याय उपलब्ध आहे. इतर सर्व बाबतींत मी आजवर प्रामाणिकपणे शोध घेतला. पर्याय आढळला नाही, पुढे आढळण्याची शक्यता नाही, आणि शोध कायमचा थांबवण्यात येत आहे.'" भुसारींनी चष्मा काढला. "लांजेवार, हे इतर बाबतींत म्हणजे काय?"

"ते काम सरकारी नाही, साहेब."

वैजयंतीबाईंनी खिडकीकडून तोंड वळवलं. कोणी आपली थोरवी सांगितली की त्यात चार गोष्टींची भर घालणाऱ्या त्या बाई, पण या वेळी त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मान खाली घातली.

"खोडा ते," भुसारी अजिजीने म्हणाले. "ऑडिटवाले विचारतील हो!"

"विचारू द्या," लांजेवार म्हणाले, आणि त्यांनी खाली सही केली.